विश्लेषण : लग्नाचा व्हिडीओ नेमका कुठे अडकतो? नवा संगणक घेण्याआधी हे तपासा

लग्नसराई ओसरली की जालना शहरातल्या आणि अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशा तालुक्यांच्या गावांतल्या फोटो स्टुडिओंचे खरे काम सुरू होते. चित्रीकरण एक-दोन दिवसांचे, संपादन मात्र कित्येक दिवसांचे. त्यात व्हिडीओ अडखळला, आवाज पुढे-मागे झाला किंवा एक्सपोर्ट मध्येच थांबले की ठरलेले उत्तर मिळते : 'संगणक जुना झाला, नवा घ्यावा लागेल.' बहुतेक वेळा हे निदान चुकीचे असते. दोष फाइलमध्ये, फॉण्टमध्ये किंवा साठवणुकीत असतो आणि पैसे मात्र यंत्रावर खर्च होतात.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही. त्या फुटेजमधले आजोबा पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. ज्या घराने पै-पै जमवून लग्न केले, त्या घरासाठी तो व्हिडीओ हा एकच दस्तऐवज असतो. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यासाठी तो पुढच्या हंगामाची पत असतो. एका घराचे फुटेज गेल्याची बातमी पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही.

आता प्रश्न लग्नापुरताही राहिलेला नाही. जिल्ह्यात यूट्यूबवर चालणाऱ्या बातमी-वाहिन्या आहेत, कीर्तनाचे थेट प्रक्षेपण होते, शेतीचे सल्ले देणारे तरुण आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीची दृश्ये पाहता पाहता राज्यभर पोहोचली. गावात चित्रित झालेली फाइल नीट जपली आणि नीट संपादित झाली, तर तिला किती वजन येऊ शकते हे सर्वांनी पाहिले आहे. म्हणून या तांत्रिक अडचणींकडे 'पोरांचा खेळ' म्हणून पाहणे थांबवायला हवे.

'मीडिया ऑफलाइन' दिसले म्हणजे फुटेज गेले का?

नाही. घाबरून प्रोजेक्ट बंद करून काही पुसू नका. प्रीमिअर प्रो, एडिअस, डाविंची रिझॉल्व्ह यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल सहसा व्हिडीओ पोटात ठेवत नाही. ती फक्त पत्ता लक्षात ठेवते : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. बाहेरची हार्ड डिस्क काल 'ई' ड्राइव्ह म्हणून दिसत होती आणि आज 'एफ' म्हणून दिसली, तर पत्ता बदलला. फोल्डरचे नाव 'नवीन' वरून 'पाटील लग्न' केले, तरी पत्ता बदलला. फुटेज जागेवरच असते, सॉफ्टवेअरला ते सापडत नाही एवढेच.

उपाय सोपा आहे. 'रीलिंक' किंवा 'लिंक मीडिया' हा पर्याय निवडून एक फाइल दाखवली की त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फाइल बहुधा आपोआप जुळतात. पण खरी शिस्त आधीची आहे. प्रत्येक कामासाठी एकच मुख्य फोल्डर करा. त्यात फुटेज, आवाज, फॉण्ट, गाणी, प्रोजेक्ट असे उपफोल्डर ठेवा आणि संपादन सुरू झाल्यावर एकाचेही नाव बदलू नका. थेट पेन ड्राइव्हवरून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून संपादन करणे म्हणजे ही अडचण स्वतःहून ओढवून घेणे आहे.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, ते कशामुळे?

इथे आधी एकच गोष्ट तपासा. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आहे की वाढत जाते? सारखी असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की काम झाले. वाढत जात असेल, तर कारण फ्रेमच्या गतीत आहे आणि पट्टी कितीही सरकवली तरी उपयोग नाही.

कॅमेरा ठरलेल्या गतीने चित्रे घेतो. भारतात जुन्या पाल पद्धतीमुळे सेकंदाला २५ फ्रेमची सवय आहे. मोबाइल मात्र साधारण ३० फ्रेम धरतो आणि तीही कायम नाही. मांडवात उजेड कमी झाला, फोन तापला, की तो स्वतःच गती कमी-जास्त करतो. याला 'व्हेरिएबल फ्रेम रेट' म्हणतात. फोनवर तो व्हिडीओ व्यवस्थित दिसतो, कारण प्लेअर जुळवून घेतो. संपादनाच्या टाइमलाइनला मात्र ठरावीक गती लागते आणि तिथे घोळ होतो. फरक किती पडतो? २९.९७ फ्रेमची फाइल ३० ची समजून चालवली, तर फरक केवळ हजारात एक, पण तासाभरात तो ३.६ सेकंदांवर जातो. तासाच्या कीर्तनात शेवटी बुवांचे ओठ मिटलेले आणि अभंग चालू, असे दिसते ते यामुळेच.

तपासायला 'मीडियाइन्फो' हे मोफत साधन पुरेसे आहे. त्यात 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' लिहिलेले दिसले, की ती फाइल आधी 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून बदलून घ्यावी आणि मगच टाइमलाइनवर ठेवावी. वेळ जातो, पण नंतर तुकडे करून ओठ जुळवत बसण्यापेक्षा तो कमीच असतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाजही लांब कार्यक्रमात हळूहळू सरकतो, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. अशा वेळी दर काही मिनिटांनी टाळी किंवा संबळाचा ठोका धरून जुळवणी करावी.

नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा व्हिडीओ म्हणून पाठवली की फाइल दाबली जाते आणि दर्जा जातो. डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंतची फाइल मूळ दर्जात येते.

व्हिडीओ अडखळतो, नवा संगणक घ्यावाच का?

आधी फाइलचे स्वरूप पाहा. कॅमेरे आणि फोन जागा वाचवण्यासाठी एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने चित्र दाबून साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेमचे पूर्ण चित्र नसते. थोड्या थोड्या अंतराने एक पूर्ण चित्र आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त झालेला बदल नोंदवलेला असतो. पाहताना हे सोपे जाते. संपादनात आपण पुढे-मागे उड्या मारतो आणि दर उडीला संगणकाला आजूबाजूच्या फ्रेम जोडून चित्र नव्याने उभे करावे लागते. चांगला संगणकही ४-के फाइलवर इथेच धापा टाकतो.

याला 'प्रॉक्सी' हा उपाय आहे. मूळ फाइलच्या हलक्या, कमी आकाराच्या प्रती बनवून त्यांवर संपादन करायचे आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरते. प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. दुसरे म्हणजे साठवणूक. १०० मेगाबिटच्या दराने चित्रित केलेले एक तासाचे फुटेज ४५ जीबी भरते. तीन कॅमेरे सहा तास चालले, तर आकडा ८१० जीबीवर जातो. एवढा डेटा जवळजवळ भरलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर ठेवून तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम उघडले, तर प्रोसेसर कितीही महागडा असो, चित्र अडखळणारच. अशा वेळी अख्ख्या संगणकाऐवजी एक एसएसडी घेणे शहाणपणाचे ठरते. प्रॉक्सी आणि एसएसडी दोन्ही करूनही भागले नाही, तरच नव्या यंत्राचा विचार करावा.

मराठी अक्षरे का तुटतात?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तरीही आपल्या लग्नाच्या व्हिडीओत 'शुभाशीर्वाद' या शब्दातली वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर बसलेला दिसतो. ग्राहक ते चालवून घेतो, ही त्यातली खटकणारी बाब. नावात चूक झाली तर आपण पत्रिका पुन्हा छापतो, मग व्हिडीओत का सोडावी?

दोष ओळखायच्या तीन खुणा आहेत. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉण्टमधला आहे. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉण्ट संगणकावर नसला, की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. उपाय : तोच फॉण्ट बसवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर निवडलेल्या फॉण्टमध्ये देवनागरीच नाही. अक्षरे दिसतात, पण वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षर पाय मोडून पडलेले, असे असेल, तर फॉण्ट निर्दोष आहे. सॉफ्टवेअरचे 'टेक्स्ट इंजिन' देवनागरी जुळवत नाही.

प्रीमिअर प्रोमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइप विभागात 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडावा लागतो. आवृत्तीनुसार पर्यायाचे नाव थोडे वेगळे असू शकते. निवड केल्यावर शीर्षक नव्याने टाइप करून पाहावे. एखादे सॉफ्टवेअर दाद देतच नसेल, तर इंकस्केपसारख्या मोफत साधनात शीर्षक करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणावे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त, बालू हे देवनागरी फॉण्ट मोफत मिळतात आणि ते युनिकोड आहेत. कोणताही फॉण्ट घेण्याआधी एक ओळ टाइप करून पाहा : 'चि. सौ. कां., ज्येष्ठ, श्रीकृष्ण, शुभाशीर्वाद, कार्यस्थळ, दुसऱ्या दिवशी'. ही ओळ नीट उमटली, तर बाकीची पत्रिकाही बहुधा नीट उमटेल.

हिरव्या पडद्यासमोर बांगड्या का गायब होतात?

बातमी-वाहिन्या आणि प्री-वेडिंग व्हिडीओ यांमुळे हिरवा पडदा गावोगाव पोहोचला. सॉफ्टवेअर हिरवा रंग ओळखून तेवढा भाग पारदर्शक करते आणि मागे दुसरे दृश्य बसवते. पण आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, अंगावर हिरवा शालू किंवा हिरव्या काठाची पैठणी असते. सॉफ्टवेअरला पडदा आणि चुडा यांतला फरक कळत नाही. हात मध्येच तुटलेला दिसतो. इथे कोणताही प्लगइन कामाला येत नाही. निळा पडदा लावणे हाच उपाय, आणि तो चित्रीकरणाआधी करायचा असतो.

कडा खरबरीत दिसण्याची कारणेही बहुधा चित्रीकरणातच असतात. पडदा सुरकुतलेला, त्यावर प्रकाश कमी-जास्त, माणूस पडद्याला खेटून उभा. पडद्याला वेगळा, एकसारखा प्रकाश द्या आणि माणसाला त्यापासून काही फूट पुढे उभे करा, म्हणजे सावली आणि हिरवी झाक दोन्ही टळतात. त्यातच बहुतेक साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने रंगाची माहिती कमी साठवतात, म्हणून केसांच्या कडा चौकोनी होतात. अंगावर आलेली हिरवी झाक 'स्पिल सप्रेशन'ने कमी होते. फ्रेमच्या टोकाला दिसणारा खांब किंवा पंखा मास्क काढून आधीच बाद करावा.

पारदर्शक शीर्षक किंवा लोगो दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेल्यावर मागे काळी पट्टी येते, ही दुसरी नेहमीची तक्रार. नेहमीच्या एच.२६४ एमपी-४ फाइलमध्ये पारदर्शकता साठवताच येत नाही. त्यासाठी प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी चित्रांची मालिका लागते. पारदर्शकता आली पण अक्षरांभोवती काळसर कड दिसते, असे असेल, तर आफ्टर इफेक्ट्सच्या 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये अल्फाचा प्रकार 'स्ट्रेट'वरून 'प्रीमल्टिप्लाइड' असा बदलून पाहावा.

एक्सपोर्ट मध्येच का थांबते?

ते कितव्या टक्क्याला थांबते हे लिहून ठेवा आणि पुन्हा चालवा. दर वेळी साधारण त्याच ठिकाणी थांबत असेल, तर टाइमलाइनवर त्या जागी दोष आहे : खराब क्लिप, जड इफेक्ट, एखादे मोठे चित्र. टाइमलाइन दोन भागांत विभागून वेगळी एक्सपोर्ट करा. जो अर्धा अडेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच फेऱ्यांत दोषी क्लिप हाती लागते. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर संशय यंत्रावर : डिस्क भरलेली, ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपलेली, ड्रायव्हर जुना किंवा संगणक तापलेला. प्रीमिअरमध्ये रेंडररला 'सॉफ्टवेअर ओन्ली' करून पाहा. वेळ जास्त लागेल, पण काम पूर्ण झाले, तर दोष ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला आहे हे कळते. एकदम पाच गोष्टी बदलू नका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नेमके काय लागू पडले हे कधीच समजत नाही.

एक्सपोर्ट झालेली फाइल ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमध्ये जात नाही आणि जागा तर शिल्लक आहे, यात फाइलचा दोष नसतो. पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीचा असेल, तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. सेकंदाला २० मेगाबिटच्या दराने ही मर्यादा सुमारे २८ मिनिटांत गाठली जाते. आतला डेटा काढून पेन ड्राइव्ह 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा. ग्राहकाचा जुना टीव्ही ते वाचत नसेल, तर व्हिडीओचे भाग करून द्या.

चित्रात काळे पट्टे किंवा दिव्यांची लुकलुक दिसत असेल, तर ती मात्र संपादनात पूर्ण जात नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, म्हणून अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की हा त्रास बहुतांशी टळतो.

'क्रॅक' वापरले तर बिघडले कुठे?

बिघडते ते नेमके इथेच. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर बसवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. म्हणजे ज्या संगणकात लोकांच्या लग्नांचे एकमेव फुटेज आहे, त्याचे दार आपण स्वतः उघडून देतो. असे सॉफ्टवेअर अद्ययावत होत नाही, नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडत नाही आणि कंपनीकडे मदत मागता येत नाही. कायद्याचा भागही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

यावर छोट्या स्टुडिओचे म्हणणे असते, की दरमहा वर्गणी परवडत नाही. ते खरे आहे. गावात व्हिडीओचे दर पाडून मागितले जातात आणि वर्गणी मात्र वर्षभर चालू राहते. पण आज डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट देते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट पूर्ण मोफत आहेत. रिझॉल्व्हला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि मोफत आवृत्तीत काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइल उघडत नाहीत, या त्याच्या मर्यादा आहेत. एडिअसवर बसलेल्या हाताला नवे शिकायला वेळ लागतो, हेही मान्य. त्यासाठी चातुर्मास आहे. लग्नाच्या तिथी नसतात त्या महिन्यांत एक जुने काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा करून पाहिले, तर तुळशीच्या लग्नानंतर हात तयार असतो.

मग करायचे काय?

स्टुडिओंनी तीन प्रतींचा नियम पाळावा : फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी हार्ड डिस्क घरी ठेवली तरी चालते. कार्ड रिकामे करण्याआधी प्रतीतल्या दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात. यूपीएस असावा आणि ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवून त्याचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर द्यावे, म्हणजे वीज गेली तरी पाच मिनिटांचेच काम जाते. गटात मदत मागताना 'चालत नाही' एवढेच लिहू नये. सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइलचा प्रकार, चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा आणि त्याआधी काय बदलले, हे लिहावे. निम्मे उत्तर तिथेच मिळते.

मोठी जबाबदारी मात्र शिकवणाऱ्यांची आहे. एमएस-सीआयटीने तालुक्या-तालुक्यात संगणक मराठीतून शिकवता येतो हे दाखवून दिले. तसाच छोटा अभ्यासक्रम आयटीआय आणि महाविद्यालयांनी व्हिडीओ संपादनासाठी का सुरू करू नये? आज शिकवले जाते ते 'कोणते बटण दाबायचे' एवढेच. बटण दाबून काम झाले नाही तर काय करायचे, हे शिकायला मुलाला इंग्रजी व्हिडीओ धुंडाळावे लागतात. स्टील आणि बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात घरी बसून करता येणारे हे काम आहे. त्यातले कौशल्य दुरुस्तीत आहे आणि ते मराठीत शिकवता येते.

ग्राहकानेही दर ठरवताना दोन प्रश्न विचारावेत : 'फुटेजच्या किती प्रती ठेवता?' आणि 'मूळ फाइल किती दिवस सांभाळता?' या दोन प्रश्नांची नीट उत्तरे देणारा स्टुडिओ हजार-दोन हजार रुपये जास्त मागत असेल, तर ते द्यावेत. ते पैसे व्हिडीओ जपण्याचे आहेत.